गोदंती आणि ॲस्पिरिन

काष्ठौषधींच्या एखाद्या जुन्या दुकानात जाऊन गोदंती मागितली, तर दुकानदार डब्यातून गाईच्या दातासारखे पांढरे, तंतुमय, किंचित चकाकणारे खडे काढून कागदावर ठेवतो. रसायनशास्त्र ज्याला जिप्सम म्हणते तेच हे खनिज. आपले वैद्य त्याचे भस्म करून ज्वरावर देतात. चीनमध्ये हाच दगड ‘शिगाओ’ या नावाने दोन हजार वर्षे ज्वराच्याच कामी येत आहे. मात्र पोटात द्यावयाचा असेल तेव्हा तेथील वैद्य तो भाजत नाहीत, कच्चाच कुटून पाण्यात उकळतात, आणि भाजलेला शिगाओ रोग्यास पाजणे हा केवढा प्रमाद आहे हे आपल्या समव्यावसायिकांना पटवून देण्यात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या एका नामांकित वैद्याने पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. त्याचे नाव झांग शीचुन. हपै प्रांतातील यानशान परगण्यात १८६० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ सरकारी परीक्षांत अपयश पदरी घेऊन वैद्यकाकडे वळला, मधल्या काळात पाश्चात्त्य गणितही शिकला, आणि १९१८ च्या सुमारास मांचुरियातील मुकदेन शहरी त्याने चिनी वैद्यकाचे एक रुग्णालय थाटले. चिनी वैद्यकाने रुग्णालय थाटावे ही कल्पनाच त्या काळी पाश्चात्त्यांकडून उसनी घेतलेली होती.

या झांगच्या ग्रंथात एक योग आहे, ज्याचे नावच मुळी ‘शिगाओ-ॲस्पिरिन काढा’ असे आहे. कृती अशी: रोग्याने प्रथम एक ग्रॅम ॲस्पिरिन साखरेच्या पाण्याबरोबर घ्यावी, दोन ल्यांग, म्हणजे साठ-सत्तर ग्रॅमच्या आसपास, कच्चा शिगाओ कुटून त्याचा मोठा वाडगाभर काढा करून ठेवावा, आणि अंगास घाम फुटू लागताच त्या काढ्याचा दोन-तृतीयांश भाग ऊन असतानाच प्यावा. ॲस्पिरिन ज्वराला त्वचेच्या वाटेने बाहेर काढते, पण आत खोल बसलेली उष्णता तिच्याने हलत नाही. ती शिगाओने शमते. तेव्हा एकाने दार उघडावे आणि दुसऱ्याने घरातली आग विझवावी, अशी त्याची उपपत्ती. जर्मनीतील बायर कंपनीने ज्या गोळीचे नाव नोंदवून अवघी काही वर्षे झाली होती, त्या गोळीला ‘शीत’ आणि ‘उष्ण’, ‘बाह्य’ आणि ‘आभ्यंतर’ यांच्या प्राचीन व्यवस्थेत जागा नेमून देणारा हा वैद्य मिश्रण करीत नव्हता. परक्या मुलखातून आलेल्या एका उमेदवाराला तो आपल्या दरबारात रुजू करून घेत होता. ग्रंथाच्या नावाचा आशयही तोच आहे: अंतःकरण चिनी वैद्यकाशी, मसलत पाश्चात्त्याशी. गादीवर कोण आणि मसलतीला कोण हे त्या नावातच ठरून गेले होते. पुढच्या शंभर वर्षांचा वादही बहुतांशी याच एका मुद्द्याभोवती फिरला.

हा वाद ज्या रोगाच्या उशाशी सर्वांत निकराने लढला गेला तो तीव्र न्यूमोनिया, फुफ्फुसदाह. फुफ्फुसातील वायुकोश द्रवाने आणि पुवाने भरतात, श्वास उथळ आणि जलद होतो, ओठ निळसर पडतात, भान हरपू लागते. आणि हे सारे इतक्या त्वरेने घडते की तीन पिढ्यांची कीर्ती असलेल्या वैद्याचीही परीक्षा तीन दिवसांत आटोपते. मुरलेल्या संधिवातात कोणाचे औषध लागू पडले हे वर्षानुवर्षे संदिग्ध ठेवता येते. येथे ती सवलत नाही.

चिनी परंपरेत या परीक्षेचा पहिला दस्तऐवज इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा आहे. नानयांग येथील झांग झोंगजिंग, ज्याला परंपरा चांगशाचा अंमलदार मानते, आपल्या ‘शीतआघात’ विषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगतो की आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती. दहा वर्षे पुरी होण्यापूर्वीच त्यांपैकी दोन-तृतीयांश मृत्युमुखी पडली, आणि मेलेल्या दर दहांत सात शीतआघाताच्या ज्वराने गेली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या कोरड्या आकड्यांत इतके मोठे दुःख क्वचितच नोंदले गेले असेल. त्या ग्रंथातील एक काढा आजही जिवंत आहे. त्यात चार द्रव्ये: माहुआंग, जर्दाळूच्या बियांतील कडू गर, कच्चा शिगाओ आणि ज्येष्ठमध. घाम येऊनही धाप कमी होत नाही, अशा रोग्यासाठी तो सांगितला आहे. माहुआंग ही आपल्या हिमालयात होणाऱ्या सोमलतेची सख्खी बहीण. जपानी रसायनज्ञ नागाई नागायोशी याने १८८५ मध्ये तिच्यातून एफेड्रिन वेगळे केले, आणि १९२४ मध्ये पेकिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातील चेन आणि श्मिट यांनी त्याचे गुणधर्म जगापुढे मांडल्यावर दम्याच्या रोग्यांना जगभर ते दिले जाऊ लागले. शिगाओचा उलगडा मात्र असा सहजासहजी होत नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळणारा हा दगड ज्वर कसा उतरवतो, हा प्रश्न रसायनज्ञांना तेव्हाही छळत होता आणि अजूनही त्याचे सर्वमान्य उत्तर सापडलेले नाही.

पुढे मिंग आणि चिंग राजवटींत, विशेषतः यांगत्सेच्या दमट खोऱ्यात, ज्वराचे मूळ थंडीत न शोधता उष्णतेत आणि साथीच्या विषात शोधणारा दुसरा संप्रदाय उदयास आला. वू योउशिंगचा साथींवरील ग्रंथ १६४२ चा, वू जूतोंगचा अठराव्या शतकाच्या अखेरचा. हे दोन वू. पुढे आणखी एक वू येणार आहे, आणि दोन झांगही आताच येऊन गेले. पण चिनी आडनावांची टंचाई हा त्या देशाच्या इतिहासकारांचा नित्याचा जाच असल्यामुळे वाचकांनीही तो थोडा सोसावा. वू जूतोंगच्या एका योगात शिगाओबरोबर रेवंदचिनी घातलेली आहे. फुफ्फुस आणि मोठे आतडे ही एकाच कापडाची दोन अंगे, एक बाहेरचे व एक आतले, अशी त्या वैद्यकाची जुनी धारणा. म्हणून छाती कफाने भरलेली, ज्वर चढलेला आणि कोठा बांधलेला असा रोगी समोर आला की वरची कोंडी खालून मोकळी करावयाची. रेवंदचिनी हे रेचक आपल्या आजीच्या बटव्यातही असे, आणि ते मूळचे कोठले हे त्या फारसी नावातच लिहिलेले आहे. परंतु फुफ्फुसदाहाच्या रोग्याला रेचक देण्याचे धाडस आपल्याकडील आजीने खचितच केले नसते. हा योग येथे लक्षात ठेवावा, कारण दोनशे वर्षांनंतर तो श्वसनयंत्राला जोडलेल्या रोग्याच्या खाटेपाशी पुन्हा भेटणार आहे.

या सर्व विद्वत्तेचा दारुण पराभव १९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात झाला. आपल्या मुंबईने १८९६ पासून जी प्लेग पाहिली ती मुख्यतः गाठीची, उंदीर-पिसवांच्या मार्गाने येणारी. हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत तिच्यावरची लस सिद्ध केली ती याच गाठीच्या प्लेगचा कहर चालू असताना. मांचुरियातली प्लेग फुफ्फुसाची होती. खोकल्याच्या तुषारांतून ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि एकदा रक्त पडू लागले की रोगी एक-दोन दिवसांत संपे. पेनांगमध्ये जन्मलेला आणि केंब्रिजमध्ये शिकलेला तरुण डॉक्टर वू लिएन-तेह डिसेंबर १९१० च्या अखेरीस हार्बिनला पोहोचला, आणि रोग हवेतून पसरतो हे ताडून त्याने कापूस आणि जाळीदार कापड यांची मुखपट्टी सर्वांना सक्तीची केली. मेस्नी नावाच्या अनुभवी फ्रेंच डॉक्टरने हा उपदेश हसण्यावारी नेला. थोड्याच दिवसांत तोही त्याच रोगाने गेला. गोठलेल्या जमिनीत थडगी खणणे अशक्य झाले तेव्हा वूने बादशाही परवानगी मिळवून दोन हजारांहून अधिक प्रेतांचे दहन करविले. पूर्वजांच्या देहांना अग्नी देणे ज्या देशात महापातक, त्या देशाच्या दरबाराने हा हुकूम द्यावा, यावरून भीतीची खोली कळते. सुमारे साठ हजार माणसे दगावली. परंपरागत वैद्यही आपल्या रोग्यांबरोबर मेले, कारण त्यांच्या ग्रंथांत उष्णतेची स्थाने होती, तुषारांपासून बचावाची मुखपट्टी नव्हती. चिनी सरकारने एप्रिल १९११ मध्ये मुकदेनला अकरा राष्ट्रांच्या तज्ज्ञांची परिषद बोलावली, त्या वेळी साथीचा कारभार कोणाच्या हाती राहणार हे कोणालाही न सांगता समजले होते.

पाश्चात्त्य वैद्यकापाशीही फुफ्फुसाच्या प्लेगवर औषध असे काही नव्हतेच. वूने रोगी बरे केले नाहीत. पसरता रोग अडविला. राज्यकर्त्याला हवा असतो तो नेमका हाच भाग. आकडे, तपासणी, मनाई, वेगळे ठेवणे यांची भाषा पाश्चात्त्य वैद्यकाला येत होती आणि चिनी वैद्यकाला येत नव्हती. आणि रोग्याच्या नाडीवर ज्याचा हात असतो त्याच्यापेक्षा गावाच्या वेशीवर ज्याचा पहारा असतो त्याला सरकारदरबारी अधिक मान असतो. याची परिणती फेब्रुवारी १९२९ मध्ये झाली. यू युनशिऊ या जपानात शिकलेल्या डॉक्टरच्या पुढाकाराने नानकिंगच्या मध्यवर्ती आरोग्य समितीने जुन्या वैद्यकाचा व्यवसाय क्रमाक्रमाने बंद पाडण्याचा ठराव केला. १७ मार्च रोजी शांघायमध्ये देशभरातील वैद्य आणि औषधविक्रेते जमले, शिष्टमंडळ नानकिंगला गेले, आणि ठराव अंमलात न येताच दप्तरात पडून राहिला. आपल्याकडेही त्याच सुमारास ‘शुद्ध’ आयुर्वेद आणि ‘मिश्र’ आयुर्वेद यांचा झगडा पेटत होता, मद्रासची उस्मान समिती १९२३ मध्ये आपला अहवाल देऊन बसली होती. फरक एवढाच की आपला झगडा अभ्यासक्रमाविषयीचा होता, तर चिनी वैद्यांपुढे पोटाचा आणि अस्तित्वाचा प्रश्न उभा होता.

यानंतर दोन्ही वैद्यके एका खाटेपाशी आली ती तत्त्वचर्चेने नव्हे, औषधांच्या दुष्काळाने. १९३८ च्या १ सप्टेंबरला मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ आगबोटीने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनला निघाले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस ज्या डोंगराळ सीमाप्रांतात पोहोचले तेथे जपान्यांच्या वेढ्यामुळे सल्फाच्या गोळीचेही मोल सोन्याइतके होते, आणि म्हणून तेथील औषधनिर्मितीचे कारखाने डोंगरांतल्या वनस्पतींवर चालत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने कोटणीस तेथेच निवर्तले. शांतारामबापूंच्या चित्रपटाने ती कथा आपल्या घरोघर पोहोचविली. पण त्या सीमाप्रांतात पाश्चात्त्य शस्त्रवैद्य आणि गावचा वैद्य यांना परस्परांचा जो शेजार पत्करावा लागला, तो चित्रपटाच्या चौकटीत मावण्यासारखा नव्हता. ३० ऑक्टोबर १९४४ च्या भाषणात माओने येनानमधील सांस्कृतिक आणि शैक्षणिक कार्यकर्त्यांना बजाविले की हजाराहून अधिक जुने वैद्य आणि पशुवैद्य सीमाप्रांतात आहेत, त्यांना बरोबर घेतल्याखेरीज माणसांचे आणि गुराढोरांचे मृत्यू थांबणार नाहीत. या भाषणात जुन्या वैद्यकाची स्तुती नाही. आहे ती मनुष्यबळाची बेरीज.

स्तुती पुढे आली, आणि आली ती फर्मानाच्या रूपाने. ऑगस्ट १९५० च्या आरोग्य परिषदेत चिनी आणि पाश्चात्त्य वैद्यकाच्या ऐक्याची घोषणा झाली. प्रत्यक्षात आरोग्य खाते जुन्या वैद्यांना नव्याने परीक्षा देऊन परवाने घ्यावयास लावीत राहिले. तेव्हा १९५४-५५ मध्ये खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ‘जुन्या वैद्यकाची अवहेलना’ या आरोपाखाली जाहीर कैफियत द्यावी लागून पदावरून दूर व्हावे लागले. डिसेंबर १९५५ मध्ये पेकिंगला चिनी वैद्यकाची अकादमी स्थापन झाली, आणि पाश्चात्त्य पद्धतीत तयार झालेल्या डॉक्टरांना चिनी वैद्यक शिकविण्याचा पहिला वर्गही तेव्हाच सुरू झाला. असल्या वर्गांतून बाहेर पडलेल्यांपैकी तू योयो या औषधशास्त्रज्ञ बाईंनी पुढे मलेरियावरील आर्टेमिसिनिन शोधले, ज्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. राजकीय हुकुमाने सक्तीचा केलेला अभ्यास सहसा वांझ असतो. येथे तो तसा ठरला नाही, हे कबूल करणे भाग आहे.

अकादमीच्या जन्माला निमित्त झालेली गोष्ट शिजियाझुआंगची. या शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आपल्या कोटणिसांची समाधी आहे, एवढ्यामुळे ते नाव मराठी वाचकाच्या कानावरून गेलेले असते. १९५४-५५ मध्ये तेथील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात मुलांना मेंदूज्वराने गाठले, आणि गुओ केमिंग नावाच्या वैद्याने शिगाओप्रधान ‘श्वेतव्याघ्र’ काढ्याने त्यांच्यावर उपचार केले. त्याचे यश इतके गाजले की पुढल्या वर्षी पेकिंगमध्ये तोच रोग उद्भवताच तोच काढा तसाच्या तसा वापरण्यात आला. आणि तो लागू पडेना. शत्रुपक्षाला हर्ष होण्याचाच हा प्रसंग होता. तेव्हा अकादमीतील सिचुआनचे वयोवृद्ध वैद्य पू फूझोऊ यांनी दाखवून दिले की शिजियाझुआंगचा उन्हाळा कोरडा होता, पेकिंगला त्या साली पाऊस फार झाला आहे, हवा दमट आहे, आणि रोग्याच्या जिभेवरही तो दमटपणा दिसतो आहे. म्हणून केवळ उष्णता काढून भागणार नाही, ओलावाही हटविला पाहिजे. त्यांनी सुगंधी, ओलावा शोषणारी द्रव्ये काढ्यात घातली आणि परिणाम दिसू लागला. पाश्चात्त्य निदानाप्रमाणे दोन्ही शहरांत विषाणू एकच होता. म्हणजे एका वैद्यकाचा प्रश्न ‘कोणता जंतू?’ असा, आणि दुसऱ्याचा ‘या रोग्यात, या ऋतूत, रोग आता कोठवर पोहोचला आहे?’ असा. या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांना छेद देत नाहीत. ती नुसती वेगवेगळ्या कागदांवर लिहिलेली आहेत.

याच पू फूझोऊंना पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पेकिंगच्या बालरुग्णालयांतून बोलावणी येऊ लागली, कारण ॲडेनो विषाणूचा तीव्र न्यूमोनिया लहान मुलांत पसरला होता. पेनिसिलिनचे उत्पादन चीनमध्ये तोवर सुरू झाले होते, पण विषाणूपुढे पेनिसिलिन निरुपयोगी. डॉक्टरांच्या हाती प्राणवायू, हृदयाला आधार देणारी औषधे आणि वाट पाहणे एवढेच होते. पूंनी सर्व मुलांना एकच काढा देण्याचे नाकारले. काहींना माहुआंग-शिगाओचा तोच प्राचीन योग, काहींना सौम्य पाने-फुलांचा, आणि ज्या मुलांची शक्ती इतकी खालावली होती की थंड औषधाने दिवा विझेल, अशांना उलट ऊब देणारी द्रव्ये. न्यूमोनिया हे नाव ऐकताच थंड औषधांचा भडिमार करणाऱ्या आपल्याच शिष्यांना ते फार कठोरपणे टोकीत. झांग शीचुनच्या काळी दोन्ही औषधे एकाच वैद्याच्या हातून दिली जात; येथे दोन वैद्यके एका खाटेच्या दोन बाजूंस उभी राहून आपापले काम वाटून घेऊ लागली. अशा विभागणीत मानापमान पुष्कळ होत असले पाहिजेत. आपल्याकडील संयुक्त कुटुंबातील दोन जावांचे एक स्वयंपाकघर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची कल्पना सांगावी लागणार नाही.

परंतु या विभागणीला उपपत्ती मिळाली ती सत्तरीच्या दशकात, तिएनत्सिन शहरात. तेथील अतिदक्षतेच्या विभागात काम करणारे डॉ. वांग जिन्दा यांच्यासमोर रोजचे कोडे असे की प्रतिजैविकाने जंतू मरतात, रक्ताची तपासणी स्वच्छ येते, आणि रोगी तरीही जातो: आधी फुफ्फुस, मग मूत्रपिंड, मग एकेक अवयव शरण येत जातो. मेलेल्या जंतूंची विषे आणि त्यांच्याविरुद्ध भडकलेला शरीराचा स्वतःचाच दाह यांना विझवावयास कोणी नव्हते. वांग यांचे सूत्र झाले, ‘जंतू आणि विष, दोघांचा बंदोबस्त एकत्र’. जंतू पाश्चात्त्य औषधाने, विष चिनी औषधाने. मला वाटते, या शंभर वर्षांच्या कटकटीतून निघालेला खरा ठेवा तो हाच. प्रतिजैविकाच्या यशामुळेच जी फट उघडी पडली, जिवाणू मेला पण माणूस वाचला नाही ही फट, तीत जुन्या वैद्यकाने पाय रोवला. जंतू मारण्याची स्पर्धा करीत राहिले असते तर ते हरलेच असते. मांचुरियात ते हरलेच होते.

वांग यांनी यासाठी जो जुना योग निवडला तो वांग चिंगरेन याचा. या चिंगरेनची कथा विलक्षण आहे. १७९७ मध्ये साथीने मेलेल्या बालकांची प्रेते लुआनझोऊच्या बेवारशी स्मशानात उघडी पडलेली पाहून हा वैद्य दहा दिवस रोज सकाळी तेथे गेला, आणि कुत्र्यांनी फाडलेल्या देहांतून अवयवांची रचना न्याहाळून १८३० मध्ये त्याने प्राचीन शारीरशास्त्राच्या चुका दुरुस्त करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याही चुका झाल्याच. रोहिणींमध्ये रक्त नसून वायू असतो असे तो समजला, कारण प्रेतात त्या रिकाम्या दिसल्या. पण साकळलेल्या रक्ताला वाहते करणे हे चिकित्सेचे मर्म आहे, ही त्याची धारणा दीडशे वर्षांनी तिएनत्सिनच्या अतिदक्षता विभागात कामास आली. तिच्यातून तयार झालेल्या इंजेक्शनचे नाव ‘शुएबीजिंग’, परवाना २००४ चा. त्यात पाच वनस्पती. आणि त्यांतली पहिली ‘होंगहुआ’, म्हणजे तांबडे फूल, ही दुसरी-तिसरी कोणी नसून आपली करडई आहे. कोटणिसांच्या सोलापूर जिल्ह्यात जिचे तेल गाळले जाते, जिच्या कोवळ्या पानांची भाजी होते, जिच्या काट्यांनी शेतकऱ्याच्या पिंढऱ्या ओरबाडून निघतात, तीच करडई.

याच विभागात वू जूतोंगची रेवंदचिनीही परतली. तीव्र न्यूमोनियात रोग्याचे पोट फुगते, आतडी थांबतात, छाती व पोट यांमधला पडदा वर ढकलला जाऊन यंत्राने दिलेला श्वासही पुरत नाही, हे पाश्चात्त्य डॉक्टरांना स्वतंत्रपणे ठाऊक होते. तेव्हा ‘फुफ्फुस आणि मोठे आतडे ही एकाच कापडाची दोन अंगे’ हे वाक्य त्यांना एकाएकी अडाणी वाटेनासे झाले. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून रेवंदचिनीचा काढा दिला जाऊ लागला.

२००३ च्या सार्सने हा सारा व्यवहार जगाच्या चव्हाट्यावर आणला. २००२ च्या नोव्हेंबरात क्वांगतुंग प्रांतात सुरू झालेल्या या न्यूमोनियाने जगभर ८,०९६ माणसे आजारी पडली आणि ७७४ दगावली. कँटनमध्ये डेंग त्येताओ या वयोवृद्ध वैद्याच्या मार्गदर्शनाखाली आरंभापासूनच दोन्ही उपचार जोडले गेले. पेकिंगमध्ये ते थोडे उशिराने झाले. पाश्चात्त्य पक्षाकडे विषाणूवर औषध नव्हते, म्हणून दाह आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइड दिले गेले, आणि कित्येकांना ते इतके दिले गेले की प्राण वाचले पण पुढे मांडीच्या हाडाचे टोक मृत होऊन ते जन्माचे पांगळे झाले. काढा जोडल्याने स्टेरॉइड कमी लागते, हा चिनी पक्षाचा मुख्य दावा होता. ऑक्टोबर २००३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पेकिंगला तज्ज्ञ जमवून कागदपत्रे पाहिली आणि अनुकूल पण सावध अभिप्राय दिला. पुढे २०१२ मध्ये कॉक्रेनच्या परीक्षकांनी तेरा प्रयोगांतील ६४० रोग्यांची झडती घेतली, तेव्हा काढा जोडल्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. लक्षणे आणि फुफ्फुसावरची छाया यांत काही सुधारणा दिसली, पण मूळ प्रयोगांचीच प्रत हलकी होती. साथीच्या धुमश्चक्रीत कोणाला काय दिले याचा तपशील नीट ठेवला गेला नव्हता. हा दोष वैद्यकाचा की कारकुनीचा, हे ठरविणे कठीण आहे.

आणि जुने औषध म्हणजे निर्धोक औषध, हा समज तर तीनच वर्षांत धुळीस मिळाला. माशासारखा वास येणारी ‘युशिंगत्साओ’ ही भाजी चीनच्या नैर्ऋत्येत लोक शतकानुशतके खात आले आहेत आणि फुफ्फुसातील पुवावर ती औषधही आहे. पण तिचे इंजेक्शन थेट शिरेत देऊ लागल्यावर तीव्र प्रतिक्रियांनी माणसे मेली, आणि जून २००६ मध्ये सरकारने त्या इंजेक्शनांवर बंदीचा हुकूम काढला. पोटाची वाट आणि शिरेची वाट यांत जो जमीन-अस्मानाचा फरक आहे तो प्राचीन ग्रंथकारांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नव्या औषधकारांना तो ठाऊक असावयास हवा होता.

म्हणूनच शुएबीजिंगची परीक्षा महत्त्वाची. चीनमधील ३३ रुग्णालयांतील तीव्र न्यूमोनियाचे ७१० रोगी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले गेले. सर्वांना प्रचलित पाश्चात्त्य उपचार, एका गटाला त्याखेरीज हे इंजेक्शन, दुसऱ्याला तसाच दिसणारा औषधहीन द्रव. २०१९ मध्ये फल प्रसिद्ध झाले: अठ्ठावीस दिवसांत औषधाच्या गटातले सुमारे सोळा टक्के दगावले, दुसऱ्यातले सुमारे पंचवीस टक्के. २०२३ मध्ये सेप्सिसच्या, म्हणजे शरीरभर भडकलेल्या जंतुदोषाच्या, १,८१७ रोग्यांवरील अशाच प्रयोगात हे आकडे सुमारे एकोणीस आणि सव्वीस असे आले. चीनबाहेरच्या रुग्णालयांत ही परीक्षा व्हावयाची आहे, आणि इतका मोठा फरक पाहून पाश्चात्त्य परीक्षकांच्या भुवया उंचावतात हेही स्वाभाविक आहे. पण ज्या वैद्यकावर आकड्यांची भाषा येत नसल्याचा ठपका मुकदेनच्या परिषदेत न बोलता ठेवला गेला होता, ते आता त्याच भाषेत आपली कैफियत मांडू लागले आहे, आणि त्यासाठी त्याला एक जबर किंमतही द्यावी लागली आहे: पू फूझोऊंनी एकेका मुलाला निराळा काढा दिला होता, आणि येथे ७१० रोग्यांपैकी औषधाच्या गटातल्या सर्वांना एकच बाटली.

२०२० च्या फेब्रुवारीत कोविडची साथ भर ज्वानीत असताना चिनी सरकारने प्रांतोप्रांतीच्या आरोग्य खात्यांना एका काढ्याचे परिपत्रक धाडले. एकवीस द्रव्ये, प्रत्येकाचे वजन ग्रॅममध्ये, तीन दिवसांचा एक फेरा, सगळे कसे सरकारी साच्यातले. द्रव्यांच्या त्या यादीत माहुआंग, जर्दाळूच्या बियांचा गर, ज्येष्ठमध आणि कच्चा शिगाओ ही झांग झोंगजिंगची चारही नावे आहेत. इतर सर्व द्रव्यांपुढे नेमके वजन आहे. शिगाओपुढे मात्र पंधरा ते तीस ग्रॅम असे लिहिले असून, तो बाकीच्यांच्या आधी उकळावा, रोग्यास ज्वर नसेल तर कमी घ्यावा आणि ज्वर चढला असेल तर वाढवावा, अशी टीप त्याखाली जोडलेली आहे.